तळं ४७०० मीटरवर, रजा मोजून सहा दिवसांची

डोंगरातल्या लांबच्या तळ्यांवर जायचं म्हणून या वेळी इतके प्रश्न आलेत की निम्मे बाजूला ठेवावे लागले. जवळजवळ प्रत्येक पत्रात सामानाबद्दल विचारलंय, कुठले बूट, कसलं जॅकेट, किती लिटरची सॅक, आणि दिवसांबद्दल कुणी धड काही विचारत नाही. एकानं मात्र अख्खा प्लॅनच लिहून पाठवलाय, तिथूनच सुरुवात करू.

प्रश्न : ताई, आम्ही सहा मित्र ४७०० मीटरवरच्या एका तळ्यावर जायचं म्हणतोय. रजा सहा दिवसांची, त्यातले दोन येण्याजाण्यात जाणार. पहिल्या दिवशी गाडीनं ३००० मीटरला पोचायचं, दुसऱ्या दिवशी ३९०० ला कॅम्प, तिसऱ्या दिवशी तळं आणि रात्री तिथंच मुक्काम, चौथ्या दिवशी सरळ खाली. सगळे फिट आहोत, दोघं तर मॅरेथॉन पळतात. ठीक आहे ना?

उत्तर : नाही, ठीक नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण हा प्लॅन रजेच्या अर्जाकडे बघून केलेला दिसतोय, नकाशाकडे बघून नाही. काय होतं बघा, ४७०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५५ टक्के असतो. हवेत ऑक्सिजन तिथंही २१ टक्केच, पण दाबच कमी म्हणून एका श्वासात छातीत जाणारा ऑक्सिजन जवळजवळ निम्म्यावर येतो. शरीर याची सवय करून घेतं, अगदी छान करून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ तुम्ही दिवसा कुठवर चढलात यापेक्षा रात्री कुठं झोपलात यावर मोजायचा असतो. ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची, असं उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात. तुमची पहिली उडी ९०० मीटरची आणि दुसरी ८०० ची. आणि मॅरेथॉनवाल्यांची तर मला जास्त काळजी वाटते, कारण फिटनेस चांगला म्हणून विरळ हवेचा त्रास कमी होतो असं काही नसतं, उलट पाय दमत नाहीत म्हणून ही मंडळी भराभर वर जातात आणि मग रात्री डोकं धरून बसतात.

एक कागद घ्या आणि त्यावर फक्त रात्री लिहा, दिवस लिहूच नका. पहिली रात्र ३०००. दुसरी पण ३०००, दिवसा आजूबाजूच्या टेकाडावर दोन-तीनशे मीटर चढून यायचं आणि झोपायला खाली. तिसरी ३४५०. चौथी ३९००. पाचवी परत ३९००. सहावी ४३००. सातव्या दिवशी पहाटे निघून तळं बघायचं, तास-दोन तास बसायचं आणि रात्री परत ४३०० ला. मग उतरायला दोन दिवस, कारण उतरताना उंचीची अट नसते, गुडघ्यांची असते. आणि या सगळ्याच्या वर एक दिवस कोरा. तो कोरा दिवस कुणी ‘फुकट गेला’ म्हणून धरू नये, पाऊस लागला, ओढा चढला, कुणाचं पोट बिघडलं तर तोच कामाला येतो, आणि काहीच नाही झालं तर वरच्या कॅम्पवर आरामात चहा पीत बसा, कोण नको म्हणतंय.

आता प्रत्यक्षात ३४५० ला सपाट जागा आणि पाणी असेलच असं नाही, डोंगर काही आपल्या कागदाप्रमाणे बनवलेला नसतो. एखादी उडी ७०० मीटरची घ्यावीच लागली तर त्या कॅम्पवर एक रात्र जास्त, म्हणजे सरासरी जागेवर येते.

चालायच्या वेळेचाही हिशोब कागदावरच करा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला होता तो अजून चालतो : सपाटीला ताशी ५ किलोमीटर धरायचे आणि चढाच्या दर ६०० मीटरमागे १ तास वाढवायचा. म्हणजे ९ किलोमीटर आणि ८०० मीटर चढ असेल तर सव्वातीन तासांच्या आत. पण तो स्कॉटलंडच्या बुटक्या डोंगरांचा हिशोब, पाठीवर सॅक आणि ४००० मीटरची हवा असेल तर त्याची सरळ दीडपट ते दुप्पट करा, शिवाय फोटो, जेवण आणि बुटात गेलेला खडा काढायला लागणारा वेळ वेगळा.

एवढे दिवस नाहीतच म्हणाल, तर तळं बदला. ३५०० च्या आसपासचं निवडा, तिथली तळी काही कमी सुंदर नसतात, फक्त त्यांचा आकडा सांगितल्यावर समोरच्याचे डोळे मोठे होत नाहीत एवढंच.

प्रश्न : उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्स गोळी घ्यावी की नाही? आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतात घ्याच, दुसरे म्हणतात ती लक्षणं झाकते आणि माणूस बेसावध राहतो.

उत्तर : झाकत नाही. डोकेदुखीची गोळी डोकेदुखी झाकेल एक वेळ, पण डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड, ती किडनीतून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, रक्त जरासं आम्लाकडे झुकतं आणि त्यामुळे श्वास वाढतो, थोडक्यात शरीर जे हळूहळू करणारच होतं तेच ती लवकर करून घेते. प्रतिबंध म्हणून डॉक्टर सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि चढायच्या आदल्या दिवसापासून सुरू करायला सांगतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोड्याची चव बेचव लागते, यातलं काही घाबरण्यासारखं नाही. पण सल्फा औषधांची ॲलर्जी असेल, किडनीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि पहिली गोळी घरी असताना घेऊन बघा, तंबूत नाही. शांतपणे पायरी पायरीनं चढणाऱ्या बहुतेकांना तिची गरज पडत नाही. आणि घाईचा प्लॅन सुधारायला गोळी घेताय असं असेल तर वरचं उत्तर परत वाचा.

आता लक्षणांबद्दल, कारण खरा गोंधळ तिथंच होतो. त्रास पोचल्या पोचल्या होत नाही, नव्या उंचीवर गेल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून संध्याकाळी ‘मला काहीच झालं नाही’ म्हणून मिरवणारा माणूस रात्री दोनला उलटी करत असतो. डोकेदुखी, मळमळ किंवा भूक मरणं, गळून गेल्यासारखं होणं, चक्कर, या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन असे गुण द्यायचे, डोकेदुखी असेल आणि बेरीज तीन किंवा जास्त झाली तर ‘एएमएस’, म्हणजे विरळ हवेनं होणारा उंचीचा आजार, आहे असं समजायचं. याला लेक लुईस स्कोअर म्हणतात, कॅनडातल्या ज्या ठिकाणी तो ठरला तिथल्या तळ्याचं नाव, आणि गंमत म्हणजे ते तळं इतकं खाली आहे की तिथं कुणाला एएमएस व्हायचा नाही. पूर्वी यात झोप न लागणं पण मोजायचे, २०१८ मध्ये ते काढून टाकलं, कारण उंचीवर झोप तशीही कुणाला धड लागत नाही. शेजारी झोपलेल्याचा श्वास मध्येच काही सेकंद थांबतो आणि मग मोठा सुस्कारा येतो, हे पहिल्यांदा बघितलं की घाबरायला होतं पण उंचीवर ते नेहमीचं आहे.

नेहमीचं नाही ते हे : बसून असताना पण धाप लागतेय, खोकला थांबत नाहीये, ओठ निळसर दिसतायत, किंवा माणूस बरळतोय, दारू प्यायल्यासारखा चालतोय. जमिनीवर एक सरळ रेघ ओढा आणि त्याला एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत त्यावरून चालायला लावा, तोल गेला, बाजूला पाय टाकावा लागला तर मेंदूला सूज असू शकते. फुप्फुसात पाणी असो की मेंदूला सूज, सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी माणसाला सोबत देऊन खाली न्यायचं. त्याला एकट्याला कधीच पाठवायचं नाही. आणि ते ऑक्सिमीटर घेऊन दर तासाला एकमेकांची बोटं तपासत बसू नका, गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर तो काहीही आकडा दाखवतो, त्यापेक्षा समोरच्याचा चेहरा बघा, जेवला का बघा, विनोदावर हसला का बघा.

प्रश्न : रोज ट्रेडमिलवर दहा किलोमीटर पळतो. दोन महिने आहेत. अजून काय करू?

उत्तर : ट्रेडमिलवरून उतरा आणि जिने चढा, पण मुख्य म्हणजे जिने उतरा. चढताना फुप्फुसं दमतात ती तासाभरात सावरतात, उतरताना मांड्या फाटतात त्या दोन दिवस बोलत राहतात. सॅकमध्ये आधी पाच किलो, मग आठ, मग जेवढं ओझं खरंच नेणार तेवढं, आणि आठवड्यातून एकदा लागोपाठ दोन दिवस लांब चाल, कारण ट्रेकला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत चालायचं असतं, सराव त्याचाच व्हायला हवा. बूट नवे घेणार असाल तर आजच घ्या आणि याच चालीत वापरून मऊ करा. टाचेला गरम लागलं की तिथल्या तिथं थांबून टेप लावायची, फोड आल्यावर नाही.

प्रश्न : इतक्या उंचीवरच्या तळ्याचं पाणी तर शुद्धच असणार ना, डायरेक्ट प्यायलं तर काय होतं? सगळे पितात.

उत्तर : सगळे पितात आणि त्यातल्या काहींचं आठवड्याभरानं पोट बिघडतं, तेव्हा ते ट्रेकला दोष देत नाहीत, आदल्या रात्रीच्या जेवणाला देतात. जिआर्डिआ नावाचा जीव पोटात गेल्यावर त्रास द्यायला एक-दोन आठवडे घेतो, म्हणून पाण्याचं नाव कुणाच्या मनातच येत नाही. वरच्या कुरणात मेंढ्या चरतात, घोडे-खेचरं जातात, आणि माणसं काय करतात ते सांगायला नको, सगळं उतारानं पाण्यातच येतं. पाणी आरपार दिसतं म्हणून ते पिण्यालायक आहे असं होत नाही.

उकळणं सगळ्यात खात्रीचं. ४७०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, आणि त्यावरून लोकांना वाटतं की मग जंतू मरत नसतील, तर मरतात, फक्त २००० मीटरच्या वर एक मिनिटाऐवजी तीन मिनिटं खळखळ उकळू द्यायचं. डाळ शिजत नाही ती मात्र खरोखरच शिजत नाही, तिच्यासाठी प्रेशर कुकर न्या नाहीतर डाळच नेऊ नका. क्लोरीनच्या गोळ्या हलक्या असतात, सोयीच्या असतात, पण गार पाण्यात त्यांना जास्त वेळ द्यावा लागतो आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या, पोट बिघडवणाऱ्या जीवावर त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. पोकळ धाग्यांचे जे पिळून वापरायचे फिल्टर मिळतात ते बॅक्टेरिया आणि जिआर्डिआ दोन्ही अडवतात, व्हायरस अडवत नाहीत, आणि त्यांची एक गोम आहे जी पाकिटावर बारीक अक्षरात असते : एकदा वापरलेला फिल्टर गोठला की आतले धागे तडकतात आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही, पाणी मजेत येत राहतं, फक्त ते गाळलेलं नसतं. म्हणून रात्री फिल्टर झटकून, पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी.

तळं हिमनदीच्या पाण्याचं असेल तर अजून एक. तो जो दुधट निळा-हिरवा रंग असतो ना, ज्यासाठी आपण एवढे जातो, तो पाण्यात तरंगणाऱ्या दगडाच्या पिठाचा असतो, हिमनदी खडक घासत घासत आणते ते. असं पाणी बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवलं की सकाळी तळाशी राखाडी, बोटाला गुळगुळीत लागणारा थर बसलेला दिसतो. वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या आणि मग फिल्टर लावा, नाहीतर फिल्टर बुजतो आणि तुम्ही तो पिळत बसता.

प्रश्न : तळ्यात पोहायचं आहे. पट्टीचा पोहणारा आहे. फक्त दहा मिनिटं.

उत्तर : नको. बर्फाच्या पाण्यात उतरल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा जातो, तोंड आपोआप उघडून मोठा श्वास आत ओढला जातो आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर तिथंच संपलं. गॉर्डन गीसब्रेख्त या कॅनडातल्या संशोधकानं याचं सूत्र केलंय, १-१०-१ : एक मिनिट श्वास सावरायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, साधारण एक तासानं शुद्ध जाते. तुम्ही म्हणताय ती दहा मिनिटं नेमकी तीच, आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचे हात पण तेवढेच बधिर होतात. वर ही आकडेवारी खालच्या हवेतली, तुमच्या तळ्यावर श्वास आधीच कमी पडत असतो. पाय बुडवून बसा, त्यातच किंचाळायला होतं.

प्रश्न : तंबू अगदी पाण्याच्या काठावर लावला तर सकाळचं प्रतिबिंब तंबूतूनच दिसेल असं नवऱ्याचं म्हणणं आहे. मला थंडीची भीती वाटते. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून घसरत येऊन खोलगट जागेत साठते, आणि तळं असतंच सगळ्यात खोलगट जागेत. वर पाण्याची वाफ. पहाटे तंबूच्या आतल्या कापडावर बारीक बर्फ धरतो, कुणी कूस बदलली, कापडाला खांदा लागला की तो भुरभुर तोंडावर पडतो आणि मग स्लीपिंग बॅग ओली व्हायला लागते. पन्नास-साठ मीटर बाजूला, दहा-पंधरा मीटर उंच अशा टप्प्यावर गेलात तरी रात्र बरीच सुसह्य होते. शिवाय पाण्यापासून साठेक मीटर दूर राहायचं हा डोंगरातला सर्वसाधारण संकेत आहे, तंबूसाठी, भांडी घासायला आणि शौचाला पण. खड्डा वीतभर खोल, नंतर मातीनं बुजवायचा, टिश्यू मात्र पुरायचे नाहीत, पिशवीत घालून परत आणायचे, उंचीवर ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. काही तळ्यांना तर काठावर मुक्कामच करू देत नाहीत. लाहौल-स्पितीतलं चंद्रताल २००५ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे आणि तिथं कॅम्प तळ्यापासून लांब लावावे लागतात.

एक गोष्ट प्रतिबिंबापेक्षा महत्त्वाची : तळ्यातून जिथं ओढा बाहेर पडतो त्या तोंडाशी आणि त्याच्या खालच्या पात्रात तंबू कधीच लावायचा नाही. हिमनदीनं आणलेल्या दगडमातीच्या बांधामागे साठलेली तळी असतात, तो बांध म्हणजे काही सिमेंटचं धरण नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक तळं फुटलं तेव्हा त्या लोंढ्यानं तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून नेलं. असं रोज होत नाही हे खरं, पण जागा निवडायचं स्वातंत्र्य आहे तर वापरा ना.

नवऱ्याला प्रतिबिंबासाठी पहाटे उठून चालत काठावर जाऊ द्या. वारा सुटायच्या आतच पाणी स्थिर असतं, त्यामुळे उठावं त्यांना लागणारच.

प्रश्न : रूपकुंडला सांगाडे बघायला जायचंय. कुठल्या महिन्यात जावं?

उत्तर : महिना नंतर, आधी परवानगी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्याळांवर, म्हणजे त्या वरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि मधल्या मुक्कामाशिवाय रूपकुंड होत नाही, ५००० मीटरच्या वरचं तळं आहे ते. त्यामुळे कुणी ‘आमच्याकडे जुगाड आहे’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका, सध्या काय चालू आहे ते थेट वनखात्याला विचारा. बंदीबद्दल लोक कुरकुरतात पण ती कुरणं कॅम्पांनी कशी उकरली गेली होती ते ज्यांनी बघितलंय ते कुरकुरत नाहीत.

सांगाड्यांचं म्हणाल तर घरी बसून पण भरपूर वाचायला मिळेल. १९४२ मध्ये एका वनरक्षकाला ते दिसले, मग बरीच वर्षं एकाच मोठ्या गारपिटीत सगळे गेले अशी समजूत होती, आणि २०१९ मध्ये ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास आला तेव्हा कळलं की हे एका वेळचे लोकच नाहीत. काही हजारेक वर्षांपूर्वीचे, दक्षिण आशियातले, आणि चौदा जण साधारण १८०० च्या आसपासचे, तेही पूर्व भूमध्य समुद्राकडच्या वंशाचे. ते तिथं कशाला आले होते हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

प्रश्न : ट्रेकच्या तारखा आणि पाळीच्या तारखा एकच येतायत. पुढे ढकलायची गोळी घेऊ का? मैत्रीण म्हणते उंचीवर पाळीत त्रास वाढतो.

उत्तर : पाळी चालू असताना उंचीवर जायला हरकत नाही, त्यानं एएमएस वाढतो असं काही नाही. तारखा मात्र प्रवासानं, थंडीनं, दगदगीनं पुढेमागे होतात, त्यामुळे ‘माझी तर झाली’ म्हणून सामान घरी ठेवू नका. गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरशी बोला, आणि घ्यायची ठरली तर ती पहिल्यांदाच ट्रेकला नको, हार्मोनच्या काही गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या व्हायची शक्यता वाढते, कुणाला मळमळ होते, आणि ती मळमळ गोळीची की उंचीची हे तिथं कोण ठरवणार. कप वापरत असाल तर उत्तम, पण धुवायला उकळून गार केलेलं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा, ओढ्याचं नाही. पॅड वापरत असाल तर एक काळी जाड पिशवी आणि तिच्यावर दुसरी झिपवाली, आत थोडी वापरलेली चहापावडर वाळवून टाकली की वास येत नाही, आणि ती पिशवी तुमच्याबरोबर खाली. ग्रुपलीडर पुरुष असेल तरी त्याला सांगून ठेवा, थांबे त्याप्रमाणे घेता येतात, यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : वय ५८, मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो, शुगर ताब्यात आहे. मुलगी म्हणते बाबा तुम्ही येऊ नका.

उत्तर : मुलीला सांगा की डॉक्टर काय म्हणतात ते दोघं मिळून ऐकू. वय आणि मधुमेह एवढ्यावरून कुणी नाही म्हणत नाही, पण डोळ्यांचा पडदा, किडनी आणि हृदय तपासल्याशिवाय हो पण म्हणता येत नाही. गेलात तर इन्सुलिन कधीच सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नको, अंगावर आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. ग्लुकोमीटर पण थंडीत चुकीचं दाखवतो किंवा चालूच होत नाही, तो आधी अंगाशी धरून गरम करा. दिवसभर चालण्यानं शुगर उतरते, थरथर आणि गोंधळल्यासारखं होणं हे शुगरचं पण लक्षण आहे आणि उंचीचं पण, म्हणून आधी मोजायचं, मोजता येत नसेल तर साखर तोंडात टाकायची आणि मग पुढचा विचार. सगळं सामान दोन जोड, एक जोड मुलीच्या सॅकमध्ये. म्हणजे तिला यावंच लागेल.

प्रश्न : मुलगा चालला आहे, आठ दिवस फोन लागणार नाही म्हणतो. आईनं काय करायचं?

उत्तर : त्याच्याकडून जायच्या आधी एक कागद लिहून घ्यायचा : कुठून चढणार, कुठल्या रात्री कुठं, कुठून उतरणार, बरोबर कोण, गाइडचा नंबर, जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तुम्ही चौकशी सुरू करायची. ही वेळ त्यानं कोरा दिवस धरून द्यावी, म्हणजे तुम्हाला उगाच धडकी भरणार नाही. आणि ती वेळ टळली तर ‘येईल, येईल’ म्हणत थांबायचं नाही.

त्याला दोन गोष्टी सांगा. नेटवर्क नसलं तरी फोनचा जीपीएस चालतो, नकाशा आधी डाउनलोड करून ठेवायचा, फोन एअरप्लेन मोडवर आणि थंडीत खिशात आतल्या बाजूला. आणि गळ्यात शिट्टी : एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, परत सहा वेळा, ही डोंगरातली मदतीची खूण जगभर चालते, उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या ऐकू येतात. सॅटेलाइट फोन घेऊन देऊ का असंही तुम्ही विचारलंय, तर भारतात तो परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, तो परदेशातून कुणाकडून मागवू बिगवू नका.

प्रश्न : विमानानं जाताना गॅसचा छोटा कॅनिस्टर चेक-इन सामानात चालतो का?

उत्तर : नाही, कुठल्याच सामानात नाही, भरलेला पण नाही आणि अर्धा पण नाही. पोचल्यावर घ्या. पॉवर बँक मात्र चेक-इनमध्ये नको, हातातल्या बॅगेत. आणि कॅनिस्टर घेताना वरचं लेबल वाचा, नुसता ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण थंडीत चालतं. स्टोव्ह बंद तंबूत पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : दर वेळी आमच्यात एक जण असतो ज्याला काहीही झालं तरी पोचायचंच असतं. मागच्या वेळी समोर काळे ढग, दुपारचे दोन, खिंड अजून दीड तास, आणि तो म्हणे एवढे आलोय तर जाऊ. शेवटी निम्मे गेले, निम्मे थांबले, नंतर महिनाभर अबोला. अशा माणसाला कसं समजवायचं?

उत्तर : तिथं नाहीच समजवता येत. दमलेला, कमी ऑक्सिजनवरचा माणूस आणि समोर दिसत असलेलं टोक, या दोन गोष्टी एकत्र आल्या की युक्तिवाद चालत नाही, तुमचा पण आणि त्याचा पण. म्हणून ते भांडण खालीच करून घ्यायचं. निघायच्या आदल्या रात्री, पोट भरलेलं असताना, सगळ्यांनी मिळून तीन गोष्टी लिहायच्या. किती वाजता, कुठंही असलो तरी, मागे वळायचं. माझं मत, खिंड ओलांडायची असेल तर बाराच्या आत पलीकडे, कारण डोंगरात ढग आणि विजा दुपारनंतरच जमतात, आणि हिमनदीचे ओढे पण ऊन चढल्यावर फुगतात, सकाळी गुडघाभर असलेलं पाणी संध्याकाळी कमरेला लागतं. दुसरं, कुणाला काय झालं तर वळायचं, म्हणजे टाच-बोटं चालताना तोल गेला, दोनदा उलटी झाली, असं स्पष्ट, ‘बरं वाटत नसेल तर’ असलं मोघम नाही. आणि तिसरं, ग्रुप वाटेल तसा फुटणार नाही, एकाला जरी वळायचं असेल तर निदान दोघं त्याच्याबरोबर आणि बाकीचे पुढे जायला पुरेसे नसतील तर सगळेच.

कागद त्या पोचायचंच असणाऱ्याच्या हातानं लिहून घ्या आणि घड्याळ बघायचं काम पण त्यालाच द्या. बहुतेक वेळा अशी माणसं नियम मोडायला तयार असतात, पण स्वतः लिहिलेला नियम चारचौघांसमोर मोडायला त्यांना जड जातं. तरी ऐकलं नाही तर पुढच्या ट्रेकला बोलावू नका, अबोला तसाही चालूच आहे.